कंटेनरमधला मेल-सर्व्हर आणि ‘आपले जाळे’ : पार्श्वभूमी

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर निवास-न्याहारीची घरे चालवणारे आणि आंबा-काजूचा व्यापार करणारे काही जण स्वतःच्या नावाची मेल-व्यवस्था भाड्याच्या सर्व्हरवर, डॉकरच्या कंटेनरमध्ये (म्हणजे त्याच यंत्रावर प्रोग्रामसाठी आखून दिलेल्या वेगळ्या कप्प्यात) चालवतात. त्यांची एक तक्रार ठराविक रूपातच येते. अनेक महिने सारे सुरळीत असते आणि मग एके सकाळी पाठवणीच्या रांगेत हजारो अनोळखी पत्रे साठलेली दिसतात, सर्व्हरचा पत्ता अनाहूत मेल पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत गेलेला असतो आणि मुंबईच्या गिऱ्हाईकाला पाठवलेले साधे दरपत्रकही परत येते. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही उघडली, तर प्रत्येक आगंतुक पत्रापुढे १७२.१७.०.१ किंवा १७२.१८.०.१ हा खासगी, फक्त आतल्या जाळ्यात चालणारा पत्ता असतो, म्हणजे कागदोपत्री ती सगळी पत्रे घरातूनच निघालेली असतात.

१९८२ मध्ये मेल-वहनाचा नियम ठरला, तेव्हा कोणाचेही पत्र कोणीही पुढे पोचवावे हा शेजारधर्म मानला जात असे. जाहिरातबाजांनी त्याचा गैरफायदा घेतल्यावर, १९९८ मध्ये सेंडमेल या त्या काळातील सर्वांत प्रचलित मेल-प्रणालीने ८.९ या आवृत्तीपासून परक्यांची पत्रे पुढे पाठवणे मूळ मांडणीतच बंद केले. मात्र आपला कोण आणि परका कोण, हे ओळखण्याची खूण तरीही लागणारच होती. कार्यालयातील यंत्रे एकाच तारेवर असत, त्यामुळे यंत्राचा पत्ता हीच ती खूण ठरली. त्याच वर्षी अवतरलेल्या पोस्टफिक्स या मेल-प्रणालीमध्ये ‘मायनेटवर्क्स’ नावाची सूची आली. त्या सूचीतल्या पत्त्यावरून आलेल्या पत्राला पासवर्ड विचारला जात नाही.

सगळा गुंता या शब्दात आहे. ‘आपले जाळे’ म्हणजे ज्या जाळ्याशी सर्व्हर जोडलेला आहे ते जाळे, की ज्याच्यावर आपला विश्वास आहे ते? भिंतीआड बसलेल्या कार्यालयात हे दोन्ही अर्थ एकच होते, म्हणून कोणी ते वेगळे केले नाहीत. सर्व्हरच्या सबनेटमधील, म्हणजे जाळ्याच्या त्याच तुकड्यातील, साऱ्यांना आपले मानणे ही पोस्टफिक्सची मूळ मांडणी दीर्घकाळ टिकली. २०१५ च्या ३.० या आवृत्तीत ती बदलून फक्त तेच यंत्र आपले, असे ठरले. पण जुन्या मांडणीच्या फायली तशाच उचलून नव्या जागी नेण्याची आपली सवय या बदलाला पुरून उरली.

डॉकर २०१३ मध्ये आले आणि सर्व्हरच्या पोटात आणखी एक जाळे तयार झाले. बाहेरून आयपीव्ही-४ ने (इंटरनेटवरील पत्त्यांच्या जुन्या पद्धतीने) आलेली जोडणी साधारणपणे पाठवणाऱ्याच्या खऱ्या पत्त्यासह कंटेनरपर्यंत पोचते. आयपीव्ही-६ या नव्या पद्धतीने आलेली जोडणी मात्र, कंटेनरच्या जाळ्याला आयपीव्ही-६ नसेल, तर डॉकरचा एक मध्यस्थ आपल्या हातात घेतो आणि आतल्या बाजूला आयपीव्ही-४ ने नवी जोडणी उघडतो. मेल-प्रणालीला त्यामुळे पाहुण्याचा चेहरा दिसत नाही, दिसतो तो मध्यस्थाचा. कोकणी घराच्या भाषेत सांगायचे, तर ओटीवर आलेला प्रत्येक जण माजघरातला म्हणून नोंदवला जातो. आपल्या देशात मोबाइल जाळ्यांवर आयपीव्ही-६ लवकर रुळले, म्हणून ही खोड इथे फोनवरून मेल पाहणाऱ्यांच्या नोंदींत आधी दिसते आणि कार्यालयातील ब्रॉडबँडवरून तपासणाऱ्याला सर्व काही ठीकच वाटत राहते.

ज्यावर वाद आहे तो निर्णय याच्या पुढचा आहे. वेबमेल, संकेतस्थळाचा चौकशी-अर्ज किंवा आरक्षणाची प्रणाली शेजारच्या कंटेनरमधून मेल पाठवते. प्रत्येकीला वेगळा पासवर्ड देण्यापेक्षा कंटेनरचे संपूर्ण जाळेच सूचीत घालणे सोपे, म्हणून काही तयार इमेजांनी (ज्यांवरून कंटेनर उभा राहतो त्या साच्यांनी) तशी कळ दिली आणि अनेक मार्गदर्शिकांनी तर १७२.१६.०.० पासूनचा अख्खा खासगी पट्टा लिहून टाकण्याचा सल्ला दिला. मग मध्यस्थाचा पत्ताही सूचीत येतो आणि त्याच्यामार्फत आलेल्या परक्यालाही पासवर्ड विचारला जात नाही. या सोयीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे की, दोष मध्यस्थाचा आहे, सूचीचा नाही. तांत्रिकदृष्ट्या ते खरेही आहे. तरीही पत्ता ही ओळखीची खूण उरलेली नाही हे कळूनही तिच्यावर दार उघडे ठेवणे हा आळसच होता, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. वाचवलेला वेळ होता चार पासवर्ड टंकण्याचा.

याच मध्यस्थामुळे इतर तपासण्याही निकामी होतात. पाठवणाऱ्याचा पत्ता अधिकृत आहे का, हे पाहणारी एसपीएफ तपासणी खासगी पत्त्यावर अपयशी ठरते, काळ्या याद्यांशी ताडून पाहण्यात अर्थ उरत नाही आणि चुकीचे पासवर्ड देणाऱ्याला अडवणारे फेलटूबॅन मध्यस्थालाच अडवते. मग त्या वाटेने येणारे सर्वच जण, मालकासकट, बाहेर राहतात. अशा वेळी कंटेनर काढून नवा उभारणे हा पहिला उपाय म्हणून केला जातो आणि रांगेची फाइल-जागा व्हॉल्यूमवर, म्हणजे कंटेनरबाहेरच्या टिकाऊ साठ्यावर, नसेल, तर न गेलेली पत्रे व पुरावा दोन्ही त्यात नष्ट होतात. नुसता बंद पडलेला सर्व्हर त्यामानाने बरा, कारण पाठवणारी बाजू बहुधा पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. अर्थात ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडील कित्येक गावांत वीज त्याहून अधिक काळ नव्हती. घरात सर्व्हर ठेवण्याचा विचार अजूनही बोलून दाखवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

२०२४ मध्ये आलेल्या डॉकरच्या २७ व्या आवृत्तीपासून आयपीव्ही-६ चे फायरवॉल-नियम, म्हणजे मध्यस्थाविना जोडणी थेट कंटेनरकडे नेणारे नियम, मूळ मांडणीतच चालू असतात. मात्र प्रत्येक जाळ्याला आयपीव्ही-६ स्वतंत्रपणे द्यावे लागते. आधीपासून उभे असलेले जाळे आवृत्ती बदलल्याने बदलत नाही, ते मोडून नव्याने बांधावे लागते. तोवर सूचीत १२७.०.०.१ एवढाच पत्ता ठेवून शेजारच्या कंटेनरांनाही पासवर्डने आत घेणे, आणि मोबाइल डेटावरून एक जोडणी करून लॉगमध्ये कोणता पत्ता उमटतो ते पाहणे, एवढे करता येते.