मुख्य आर्थिक सल्लागार

भारत सरकारच्या अर्थ मंत्रालयातील एक पद. आर्थिक व्यवहार विभागातील आर्थिक शाखेचा हा प्रमुख असून त्याचा दर्जा सचिवाचा असतो. पदाला घटनेचा वा स्वतंत्र कायद्याचा आधार नाही.

पदाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार प्रारंभ १९३८ मध्ये, थिओडोर ग्रेगरी या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाच्या भारत सरकारचे आर्थिक सल्लागार म्हणून झालेल्या नेमणुकीपासून धरावा. दुसरे मत जे. जे. अंजारिया यांच्यापासून, म्हणजे साधारणपणे १९५६ पासून, गणना करते. दुसरे अधिक ग्राह्य वाटते. ग्रेगरींचे कार्यालय वाणिज्याकडचे होते आणि त्याची परंपरा आजही निराळी आहे : उद्योग खात्यातील ‘आर्थिक सल्लागार कार्यालय’ ते हेच, घाऊक किमतींचा निर्देशांक काढणारे. नावांतील साम्यामुळे दोहोंची गल्लत होते.

शाखेचे सर्वपरिचित काम आर्थिक पाहणीचे, म्हणजे अर्थव्यवस्थेच्या स्थितीवरील वार्षिक अहवालाचे. पहिली पाहणी १९५०-५१ ची. १९६४ पासून ती अर्थसंकल्पापासून वेगळी निघते व हल्ली बहुधा आदल्या दिवशी संसदेत मांडली जाते. तिच्यातील चालू वर्षाचा वाढदर जानेवारीतील पहिल्या आगाऊ अंदाजावरून घेतात. तेव्हा आर्थिक वर्ष संपलेले नसते. हाती असलेल्या महिन्यांच्या आकड्यांवरून उरलेला काळ अंदाजाने भरून काढलेला असतो. पुढे आकडे सुधारतात, आधारवर्षही (ज्या वर्षाच्या किमती धरून तुलना करतात ते) बदलते. म्हणून निरनिराळ्या वर्षांच्या पाहण्यांतील दर उचलून एक मालिका बनवणे चूक. सर्वांत अलीकडच्या पाहणीचे सांख्यिकी परिशिष्टच वापरावे. पाहणीतील सूचना सरकारवर बंधनकारक नसतात : २०१६-१७ च्या पाहणीत सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नावर (प्रत्येक नागरिकाला विनाअट ठरावीक रक्कम देण्याच्या कल्पनेवर) अख्खे प्रकरण होते, योजना मात्र आली नाही.

आय. जी. पटेल, मनमोहन सिंग (सल्लागार १९७२–७६, गव्हर्नर १९८२–८५), बिमल जालान व रघुराम राजन हे सल्लागार पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. अंजारिया व राकेश मोहन डेप्युटी गव्हर्नर. यावरून हे पद म्हणजे गव्हर्नरपदाची पायरी असे म्हटले जाते, ते अर्धेच खरे. पहिले तिघे मध्यंतरी अर्थ मंत्रालयात सचिव होते. राजन हा अपवाद. गव्हर्नरपदाला जवळचा अनुभव सचिवपदाचा : सल्लागार टिपण लिहितो, सरकारी कर्जउभारणीची फाइल सचिवाकडून जाते. रिझर्व्ह बँकेचा व्याजदर ठरवणाऱ्या, २०१६ च्या पतधोरण समितीतही हा फरक दिसतो : तिच्या सहा सदस्यांत मुख्य आर्थिक सल्लागाराला पदसिद्ध जागा नाही, आणि बाहेरचे तीन सदस्य सुचवणाऱ्या निवड समितीवर पदसिद्ध बसतो तो आर्थिक व्यवहार सचिव.