सार्वजनिक विद्यापीठीय शिक्षणाचे मूल्य

मुख्यतः सरकारी निधीवर चालणाऱ्या विद्यापीठातील शिक्षणापासून शिकणाऱ्याला आणि समाजाला होणारा आर्थिक व इतर लाभ. पदवीधराचा वाढलेला पगार हा त्यातला मोजायला सर्वांत सोपा भाग. त्यामुळे चर्चा बहुधा तिथेच सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच अडकते.

शिक्षणावरचा खर्च ही गुंतवणूक आहे, या कल्पनेला ‘मानवी भांडवल’ या सिद्धांताचे रूप अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ (१९६१) व गॅरी बेकर (१९६४) यांनी दिले. या हिशेबात खर्चाच्या बाजूला केवळ शुल्क येत नाही. शिकण्याच्या वर्षांत बुडालेली कमाईही येते. शुल्क माफ झाले तरी गरीब घरातली मुले शिक्षण सोडतात, त्याचे एक कारण या बुडालेल्या कमाईत आहे. साखारोपुलोस व पॅट्रिनोस यांच्या २०१८ सालच्या आढाव्यानुसार शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे मिळकत जगभरात सरासरी सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. मात्र ही सरासरी आहे. विषय कोणता, नोकऱ्या किती, यांवर परतावा खूप बदलतो. आणि कर्ज काढून मध्येच शिक्षण सोडणाऱ्याच्या पदरी कर्ज तेवढे उरते.

पगारवाढीचे श्रेय शिक्षणाला द्यायचे की पदवीच्या कागदाला, हा जुना वाद आहे. अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडले, की पदवी ही मालकाला उमेदवाराच्या मूळच्या कुवतीची खूण म्हणूनही उपयोगी पडते. ती निव्वळ खूणच असेल, तर तिच्यावर जनतेचा पैसा खर्च करण्याचे समर्थन लंगडे पडते. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी घडत असाव्यात, असे मानायला जागा आहे.

सार्वजनिक विद्यापीठाचे वेगळेपण दिसते ते प्रवेशाच्या दारात. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयांचा अभ्यास केला. नामांकित खासगी संस्थांत पोचलेली गरीब मुले पुढे उत्तम कमावतात, पण तिथे पोचणारी मुलेच मोजकी. मोठ्या संख्येने तळातून वर नेण्याचे काम न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीसारख्या सार्वजनिक संस्था करतात, असे त्यातून दिसले. अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग १९३३ मध्ये मिनेसोटा या सार्वजनिक विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत नापास झाले होते. त्याच विद्यापीठाने नुकत्याच काढलेल्या दोन वर्षांच्या जनरल कॉलेजात त्यांना जागा मिळाली आणि १९४२ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातूनच ते वनस्पतिरोगशास्त्रात डॉक्टरेट झाले. पुढे त्यांनी तयार केलेल्या बुटक्या, भरघोस पिकणाऱ्या गव्हाच्या जातींनी अनेक देशांची धान्यकोठारे भरली. १९७० मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. त्यांच्या पगारपत्रकावरून या शिक्षणाची किंमत काढायला बसले, तर आकडा हास्यास्पद निघेल. अर्थशास्त्रात याला बाह्य लाभ म्हणतात : फायदा ज्यांना होतो, त्यांनी शुल्क भरलेले नसते.

व्यक्तिगत लाभातही न मोजता येणारा वाटा मोठा आहे. घरातला पहिला पदवीधर सरकारी अर्ज, बँक, न्यायालय यांची भाषा घरात आणतो. धाकट्या भावंडांना ती आयतीच मिळते. पदवीधरांचे आरोग्य आणि मतदानातील सहभाग सरासरीने अधिक आढळतो. त्यातले किती शिक्षणामुळे आणि किती मूळच्या सुस्थितीमुळे, हे वेगळे करणे अवघड असते.

सरकारी पैशाने शिकवण्यावरचा सर्वांत टोकदार आक्षेप न्यायाचा आहे. कर सगळे भरतात, विद्यापीठात मात्र सुस्थितीतल्यांची मुले अधिक जातात. मग फुकट शिक्षण हे गरिबाच्या खिशातून श्रीमंताला दिलेले अनुदान ठरत नाही का? कररचना श्रीमंतांकडून जास्त घेणारी असेल तर आक्षेपाची धार कमी होते, पण तो मिटत नाही. देशांनी काढलेले मार्ग परस्परविरोधी आहेत. इंग्लंडने १९९८ मध्ये शुल्क सुरू केले आणि २०१२ पासून त्याची कमाल मर्यादा वर्षाला ९,००० पौंडांवर नेली. जर्मनीतील ज्या राज्यांनी शुल्क लावले होते, त्यांनी २०१४ पर्यंत ते मागे घेतले. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून शिकताना पैसे द्यावे लागत नाहीत. मिळकत ठरावीक मर्यादेपुढे गेली की करवसुलीबरोबर हप्ता कापला जातो, आणि ती मर्यादा कधी गाठलीच नाही तर वसुलीही होत नाही.