‘मातिल्दा’वरचा वाद आणि निकोलसच्या संतपदाचा गुंता

‘मातिल्दा’ हा चित्रपट २६ ऑक्टोबर २०१७ रोजी रशियाभर प्रदर्शित झाला. त्याविषयीची मते मात्र आदल्या वर्षीच ठरून गेली होती आणि बहुतेकांनी ती केवळ झलक पाहून ठरवली होती. युवराज निकोलस, म्हणजे पुढे रशियाचा शेवटचा झार झालेला दुसरा निकोलस, आणि शाही रंगभूमीवरची नर्तिका मातिल्दा क्शेसिन्स्काया यांच्या प्रेमाची ही कथा. त्यात एका संताची विटंबना झाली आहे, अशी तक्रार एका लोकप्रतिनिधी महिलेने सरकारी वकिलांकडे केली आणि बंदीच्या मागणीला लाखावर सह्या मिळाल्याचे सांगण्यात आले. श्रद्धावंतांच्या भावना दुखावणे २०१३ पासून रशियात फौजदारी गुन्हा असल्याने या तक्रारीला कायद्याचाही आधार घेता येत होता. ऑगस्टमध्ये प्रदर्शनाचा परवाना मिळाल्यावर तीन आठवड्यांच्या आत दिग्दर्शकाच्या स्टुडिओच्या इमारतीवर पेटत्या बाटल्या फेकल्या गेल्या. ४ सप्टेंबरच्या पहाटे येकातेरिनबुर्गमध्ये एका माणसाने गॅसच्या टाक्या ठेवलेली गाडी थेट चित्रपटगृहाच्या दारात घुसवून आग लावली.

ज्या संबंधावरून हे सारे घडले तो काही चित्रपटाने शोधून काढलेला नाही. मार्च १८९० मध्ये नृत्यशाळेच्या पदवी-प्रयोगानंतरच्या भोजनप्रसंगी दोघांची भेट झाली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये, ‘क्शेसिन्स्काया दुसरी’ आपल्याला निश्चितच फार आवडते, अशी नोंद निकोलसने रोजनिशीत केली. थोरली बहीण त्याच नृत्यसंघात असल्याने कार्यक्रमपत्रिकेत धाकटीच्या नावापुढे ‘दुसरी’ असे छापले जाई, आणि युवराजाच्या लेखणीतही ती तशीच उतरली आहे. एप्रिल १८९४ मध्ये जर्मनीतल्या हेसची राजकन्या अलिक्स हिच्याशी निकोलसचा वाङ्‌निश्चय झाला आणि हे प्रकरण संपले. तोवर तो अविवाहित होता, सम्राटही नव्हता.

मग अवमान कोणाचा झाला? हा प्रश्न ‘संत’ या शब्दापाशी येऊन अडतो. मराठी वाचकाला संत म्हटले की सगळे आयुष्यच पवित्र असलेली व्यक्ती आठवते, आणि निषेध करणाऱ्या रशियन प्रेक्षकांनीही शब्दाचा तोच अर्थ धरला होता. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चने ऑगस्ट २०००मध्ये निकोलस व त्याच्या कुटुंबाला दिलेले पद मात्र ‘स्त्रास्तोतेर्पेत्स’ हे आहे, म्हणजे यातना सोसणारा. ‘हुतात्मा’ हा शब्द येथे मुद्दाम टाळला आहे. श्रद्धा सोडण्यास नकार दिल्याबद्दल ज्याला मारले जाते तो हुतात्मा. यातना सोसणाऱ्याला मारणारे त्याच्याच धर्माचेही असू शकतात, कारण राजकीयही असू शकते. त्याने मृत्यू द्वेष न ठेवता, ख्रिस्ताप्रमाणे स्वीकारला एवढेच पाहिले जाते. या पदाचा मूळ आदर्श म्हणजे १०१५ मध्ये सत्तेच्या भांडणात प्रतिकार न करता मारले गेलेले कीव्हचे राजपुत्र बोरिस आणि ग्लेब.

या पदाला किती बारीक हद्द घातली होती, हे वादात कोणी फारसे सांगितले नाही, आणि माझ्या मते सगळा गोंधळ तेथूनच सुरू झाला. संतपदाचा विचार करणाऱ्या समितीने निकोलसची राजवट, १९०५ च्या जानेवारीत निदर्शकांवर झालेला गोळीबार, राजघराण्यावर प्रभाव असलेल्या रास्पुतिन या गूढवादी साधूशी आलेला संबंध आणि पदत्याग हे सर्व तपासले. सम्राट म्हणून केलेल्या कारभारात संतपदाला पुरेसा आधार नाही, असा तिचा निष्कर्ष होता. आधार सापडला तो मार्च १९१७ ते १७ जुलै १९१८ या सुमारे सोळा महिन्यांच्या कैदेत आणि बोल्शेविकांनी सगळ्या कुटुंबाला गोळ्या घातल्या त्या शेवटच्या रात्री. १८९० ते १८९४ चा तरुण निकोलस या निर्णयाच्या कक्षेत येतच नाही.

क्रांतीनंतर देश सोडलेल्यांनी उभारलेल्या परदेशातल्या रशियन चर्चने मात्र १९८१ मध्येच या कुटुंबाला हुतात्मा म्हणून गौरवले होते, आणि सोव्हिएत काळात त्यांची पूजेची प्रतिमाचित्रे रशियात चोरून पोहोचत होती. त्यामुळे २००० चा मोजूनमापून घेतलेला निर्णय लोकांपर्यंत गेला तो आधीच रुजलेल्या भक्तीवर कलम होऊन. त्यातच काही गट निकोलसला रशियाच्या पापांचे प्रायश्चित्त घेणारा ‘उद्धारक झार’ मानतात. हे मत चर्चने नाकारले आहे, तरी निषेधात त्याचा आवाज मोठा होता. १९९८ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये या कुटुंबाच्या अस्थींचे सरकारी दफन झाले तेव्हा त्या खऱ्या असल्याचे चर्चने मान्य केले नव्हते, आणि राज्यसंस्था व श्रद्धा यांच्यातले ते अंतर पुढच्या प्रत्येक वादात दिसत राहिले.

चित्रपट प्रत्यक्ष पाहिल्यावर बोलण्याचा रोख बदलला. वेशभूषा, दिवे, राज्याभिषेकाचा भव्य देखावा यांचे कौतुक झाले आणि कथा पोकळ असल्याची तक्रारही तितकीच झाली. चित्रपटाने केलेला खर्च काही भरून निघाला नाही. इतिहास जाणणाऱ्यांना सर्वांत जास्त खटकला तो १८९६ चा राज्याभिषेक. पडद्यावर मातिल्दाची हाक ऐकून निकोलस मूर्च्छा येऊन पडतो आणि मुकुट जमिनीवर घरंगळतो. प्रत्यक्षात मॉस्कोच्या त्या कॅथीड्रलमध्ये त्याच्या खांद्यावरून संत आंद्रेई सन्मानाची जड साखळी निसटून पडली होती. अपशकुन मानला जाईल म्हणून जवळच्यांनी त्याचा बोभाटा होऊ दिला नाही.

मला या प्रेक्षकमतांत एक गोष्ट सारखी जाणवते. शय्यागृहातल्या प्रसंगावर हजारो शब्द खर्ची पडले, पण राज्याभिषेकानंतर चौथ्या दिवशी खोदिन्का मैदानावर जे घडले त्यावर त्यामानाने फार थोडे बोलले गेले. राज्याभिषेकाची आठवण म्हणून मिळणारा एनॅमलचा पेला, पाव आणि मिठाई घेण्यासाठी लोक रात्रीपासून तेथे जमले होते. पहाटे खड्ड्यांनी भरलेल्या त्या मैदानावर चेंगराचेंगरी झाली आणि सरकारी आकड्यांप्रमाणे १,३८९ माणसे मेली. त्याच रात्री फ्रेंच राजदूताने दिलेला नृत्यसमारंभ ठरल्याप्रमाणे पार पडला, आणि निकोलस व सम्राज्ञी तेथे गेले.