अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर आणि प्रतिजैविकरोधी जीवाणू

हातांवरील जंतू मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरमध्ये इथेनॉल, आयसोप्रोपेनॉल किंवा एन-प्रोपेनॉल हे मुख्य घटक असतात. मेथिसिलिनरोधी स्टॅफिलोकॉकस ऑरियस (एमआरएसए), एनडीएम-१ हे प्रतिजैविकांचे विघटन करणारे विकर तयार करणारा क्लेब्सिएला यांसारखे जीवाणू अनेक प्रतिजैविकांना दाद देत नसले, तरी योग्य संहतीचे अल्कोहोल त्यांना साध्या जीवाणूंप्रमाणेच मारते.

याचे कारण दोहोंच्या कार्यपद्धतीत आहे. प्रतिजैविक जीवाणूतील एखाद्या ठरावीक रेणूवर घाव घालते; त्यामुळे तो रेणू बदलून, औषधाचे विघटन करणारे विकर तयार करून किंवा औषध पेशीबाहेर फेकून जीवाणू वाचू शकतो. अल्कोहोल मात्र पेशीपटलातील मेद विस्कळीत करते आणि असंख्य प्रथिनांची रचना एकाच वेळी मोडते, म्हणून एनडीएम-१सारखे विकर तेथे निरुपयोगी ठरते. प्रथिनांची रचना मोडण्यास पाण्याचीही गरज असल्याने शुद्ध अल्कोहोलपेक्षा ६० ते ९५ टक्क्यांचे मिश्रण अधिक परिणामकारक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या दोन सूत्रांत ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपेनॉल असते. त्यांतील हायड्रोजन पेरॉक्साइड हे द्रावणात शिरलेल्या बीजाणूंसाठी (काही जीवाणूंच्या जाड कवचाच्या सुप्त रूपांसाठी) आहे, हातांसाठी नव्हे. याबाबत गैरसमज सर्रास आढळतो.

प्रत्यक्ष रुग्णालयातील उपयोगाचा सर्वांत बोलका पुरावा जिनिव्हाचा आहे. तेथील विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते यांच्या चमूने खाटांजवळ अल्कोहोल द्रावण ठेवण्यावर भर देणारी मोहीम राबवली. १९९४ ते १९९७ या काळात हात स्वच्छ करण्याच्या नियमाचे पालन ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले आणि एमआरएसएचा प्रसार निम्म्याहून कमी झाला. मोहिमेत इतर उपायही असल्याने सारे श्रेय द्रावणाला देता येत नाही. पण घाईत असलेल्या परिचारिकेला बेसिनपर्यंत जावे लागू नये, याचे मोल मोठे आहे.

अल्कोहोलला जीवाणू कधीच सरावणार नाहीत, असे मात्र गृहीत धरता येत नाही. मेलबर्नच्या दोन रुग्णालयांतून १९९७ ते २०१५ दरम्यान मिळालेल्या एन्टरोकॉकस फीशियम या आतड्यांतील जीवाणूच्या नमुन्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २०१० नंतरचे नमुने जुन्या नमुन्यांपेक्षा सुमारे दहापट अधिक अल्कोहोलसहिष्णू आढळले. ही तुलना २३ टक्के आयसोप्रोपेनॉलवर, म्हणजे हातांवरील द्रावणापेक्षा बऱ्याच सौम्य मिश्रणावर झाली होती. तथापि, उंदरांच्या पिंजऱ्यांचे तळ ७० टक्के आयसोप्रोपेनॉलने पुसल्यानंतरही सहिष्णू जीवाणू अधिक प्रमाणात उंदरांच्या आतड्यांत पोहोचले, ही बाब गंभीर आहे. म्हणूनच द्रावण पुरेसे घेऊन, बोटांची टोके व अंगठे न वगळता, २० ते ३० सेकंद हात कोरडे होईपर्यंत चोळणे आवश्यक असते.

क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या अतिसार घडवणाऱ्या जीवाणूच्या बीजाणूंवर अल्कोहोलचा परिणाम होत नाही, कारण त्यांचे जाड कवच ते भेदू शकत नाही. अशा रुग्णाची सेवा करताना हातमोजे वापरावे लागतात आणि नंतर साबण व वाहत्या पाण्याने हात धुऊन बीजाणू काढून टाकावे लागतात. हात रक्ताने किंवा विष्ठेने माखलेले असतील, तेव्हाही हाच मार्ग अवलंबावा लागतो.