समृद्ध परिसर आणि वृद्ध प्राण्यांचा मेंदू

प्रयोगशाळेतल्या प्राण्याला रिकाम्या पिंजऱ्याऐवजी प्रशस्त जागा, सोबती, धावायला चाक आणि वरचेवर बदलणाऱ्या वस्तू देऊन वाढवले, तर त्या राहणीला चेताविज्ञानात, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेच्या शास्त्रात, ‘समृद्ध परिसर’ म्हणतात. अशा राहणीने मेंदूची घडण बदलते, आणि ती म्हातारपणीही बदलू शकते, हे उंदीर आणि कुत्रे यांच्यावरील प्रयोगांतून दिसले आहे.

कल्पनेचे मूळ घरगुती आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४० च्या दशकात काही उंदीर घरी नेऊन पाळले. घरभर हिंडलेले हे उंदीर कोडी सोडवण्यात पिंजऱ्यातल्या उंदरांना मागे टाकत. पुढे बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मार्क रोझेनझ्वाइग, एडवर्ड बेनेट, डेव्हिड क्रेच आणि मरियन डायमंड यांनी या निरीक्षणाची काटेकोर तपासणी केली. खेळणी आणि सोबती मिळालेल्या उंदरांच्या मेंदूचे बाह्यक, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, जाड झाल्याचे १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. ही वाढ थोड्याच टक्क्यांची होती, पण प्रौढ मेंदू बदलत नाही या तेव्हाच्या ठाम समजुतीला तिने धक्का दिला.

डायमंड यांचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम नंतरचे, १९८५ चे आहे. त्यांनी ७६६ दिवसांचे, म्हणजे उंदराच्या हिशेबाने जख्ख म्हातारे नर समृद्ध परिसरात ठेवले आणि वयाच्या ९०४ व्या दिवशी त्यांचे मेंदू तपासले. तेव्हाही बाह्यक जाड झालेले आढळले. इतके म्हातारे उंदीर मिळवणे हेच आधी अवघड होते, कारण पूर्वीचे उंदीर ६०० दिवसांच्या सुमारास दगावत. मग पिंजरा साफ करताना प्रत्येकाला हातात घेऊन, अंगाशी धरून कुरवाळायला सुरुवात केली आणि ते जास्त जगू लागले, असे डायमंड सांगत.

ही जाडी मुख्यतः चेतापेशींची संख्या वाढल्याने येत नाही. पेशी आकाराने मोठ्या होतात, त्यांच्या शाखांना नवे फाटे फुटतात, एकमेकींशी जोडण्या वाढतात, रक्तपुरवठा सुधारतो. नव्या पेशींची निर्मिती मात्र स्मरणाशी जवळचा संबंध असलेल्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात घडते. गेर्ड केंपरमान आणि फ्रेड गेज यांच्या चमूने २००२ मध्ये लहान जातीच्या उंदरांवरील दीर्घ प्रयोग प्रसिद्ध केला. दहाव्या महिन्यापासून विसाव्या महिन्यापर्यंत समृद्ध परिसरात राहिलेल्यांमध्ये नव्या चेतापेशी साध्या पिंजऱ्यातल्यांच्या पाचपट होत्या. हेन्रिएट व्हॅन प्राग आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले, की १९ महिन्यांच्या उंदरांना नुसते चाक दिले तरी फरक पडतो. महिनाभर धावलेले म्हातारे उंदीर, पाण्याच्या हौदात पृष्ठभागाखाली दडवलेला चौथरा न धावलेल्यांपेक्षा लवकर शोधायला शिकले.

माणसाच्या दृष्टीने कुत्र्यांवरचा प्रयोग अधिक बोलका आहे. वयानुसार कुत्र्याच्या मेंदूत आपोआप बीटा-अमायलॉइड नावाचे प्रथिन साचते, अगदी अल्झायमरच्या रुग्णासारखे. नॉर्टन मिल्ग्रॅम, कार्ल कॉटमन, एलिझाबेथ हेड आदींनी वयस्क बीगल कुत्र्यांचे गट पाडून त्यांना सुमारे २.८ वर्षे वेगवेगळे ठेवले. काहींना ऑक्सिडीकरणरोधक आहार, काहींना सोबती, खेळणी, आठवड्यातून दोनदा २० मिनिटे फेरफटका आणि बुद्धीचे खेळ, काहींना दोन्ही. परीक्षा साधी होती. काळ्या आणि पांढऱ्या ठोकळ्यांपैकी एकाखाली खाऊ असतो. कुत्रा ते शिकला की खाऊ दुसऱ्याखाली जातो. म्हाताऱ्या कुत्र्याला जुनी सवय सोडणे इथेच जड जाते. दोन्ही मिळालेला गट यात सर्वांत पुढे राहिला.

एक अडचण नजरेआड करता येत नाही. तुलनेचा ‘साधा’ पिंजरा मुळातच कंगाल असतो. रानातल्या उंदराला शोधाशोध, सोबत आणि धोका रोजच भेटतात. म्हणून समृद्ध परिसर बुद्धी वाढवतो, की एकटेपणाने आणि कंटाळ्याने झालेली हानी भरून काढतो, हे या प्रयोगांतून पुरते वेगळे करता येत नाही. जागा, सोबत, व्यायाम आणि नावीन्य एकदमच दिल्याने कोणाचा वाटा किती, हेही सांगणे कठीण जाते.

पाळीव कुत्र्याला म्हातारपणी येणाऱ्या विस्मरणाची लक्षणे अनेक घरांत दिसतात. कुत्रा ओळखीच्या खोलीत कोपऱ्यात अडकून उभा राहतो, रात्री येरझारा घालतो, घरातच लघवी करतो. सांधेदुखी, बहिरेपणा किंवा मूत्रपिंडाचा आजारही अशीच वागणूक घडवतो. त्यामुळे आधी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी, मग फिरण्याचा रस्ता बदलावा, आणि कुत्रा रस्त्यात थांबून हुंगत राहिला तर पट्टा ओढू नये.