उपवासकाळातील ज्ञानयाचना

उपवासकाळातील ज्ञानयाचना : राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतच्या काळात ख्रिस्ती भाविकांनी देवाजवळ सुज्ञता मागण्याची साधना. या काळाला प्रायश्चित्तकाळ असेही म्हणतात. रविवार वगळले तर त्याचे दिवस 40 होतात, धरले तर 46. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही त्याची तीन अंगे. इतर धर्मीयांना या काळाची ओळख बहुधा मांसाहार सोडण्यावरून होते, आणि पुष्कळ ख्रिस्ती घरांतही बोलणे तेवढ्यावरच थांबते. पोट रिकामे ठेवून मागायचे काय, हा खरा प्रश्न आहे.

मागावे कसे, हे शलमोन राजाने दाखवले. गिबोन येथे स्वप्नात देवाने ‘हवे ते माग’ म्हटले, तेव्हा त्याने दीर्घायुष्य, संपत्ती किंवा शत्रूंचा नाश मागितला नाही. लोकांचा न्याय करता यावा म्हणून विवेकी मन मागितले. ही कथा बायबलमधील ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. अकराव्या अध्यायात हाच राजा म्हातारपणी परक्या दैवतांच्या नादी लागतो. एकदा मिळालेली सुज्ञता जन्मभर पुरत नाही. ही याचना दरवर्षी नव्याने करण्याचे याहून मोठे कारण सापडणार नाही.

पहिल्या रविवारी येशूच्या अरण्यातील परीक्षेचे शुभवर्तमान वाचले जाते. मत्तय आणि लूक यांच्या वृत्तांतात सैतानसुद्धा 91 व्या स्तोत्रातले वचन घडाघडा म्हणून दाखवतो. येशू तिन्ही वेळा बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातील वचनाने उत्तर देतो. शास्त्र पाठ असणे वेगळे आणि सुज्ञ असणे वेगळे, हे इतक्या ठसठशीतपणे क्वचितच कुठे मांडलेले असेल.

ही साधना प्रत्यक्ष कशी चालते, ते ठाण्यात पाहता येते. ठाण्यातील कॅथलिकांत ‘ईस्ट इंडियन’ म्हणवणाऱ्या मूळच्या मराठी भाषक समाजाबरोबर गोवेकर, मंगळुरी आणि मल्याळी कुटुंबेही आहेत. मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च हे त्यांचे जुने, पोर्तुगीज काळाशी नाते सांगणारे मंदिर. राखेच्या बुधवारी मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, झावळ्या जाळून केलेल्या राखेने फादर कपाळावर क्रूस काढतात. सकाळच्या मिस्सेनंतर ती राख तशीच कपाळी घेऊन माणसे लोकल पकडतात आणि कामावर जातात. शुक्रवारी येशूच्या मरणयात्रेची आठवण म्हणून क्रूसाच्या वाटेची 14 स्थाने चालतात. प्रत्येक स्थानापाशी गुडघे टेकून, उठून पुढे जायचे. म्हातारी माणसे बाकाचा आधार घेतात, पण गुडघा टेकायचे सहसा सोडत नाहीत.

याचना प्रत्यक्षात उतरते ती निर्णयांत. गावठाणातले वडिलोपार्जित घर बिल्डरला द्यावे का, भावाशी जुना वाद मिटवावा का, असे प्रश्न घेऊन माणसे रिट्रीटला, म्हणजे प्रार्थनाशिबिराला, बसतात, पापनिवेदन करतात. सोळाव्या शतकात जेज्विट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी यासाठी नियम घालून दिले. त्यांतला एक फार उपयोगी आहे : मन कोरडे, उदास असताना आधी केलेला चांगला निश्चय बदलू नये. दिवसाअखेरीस अंतःकरणाची झडती घेण्याची पद्धतही त्यांच्याच शिकवणुकीतून रुळली.

या साधनेची सर्वांत कठीण कसोटी ठाण्याच्याच इतिहासात आहे. एप्रिल 1321 मध्ये टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दमेत्रियस या चौघा ख्रिस्ती मिशनऱ्यांना श्रद्धेविषयीच्या चौकशीनंतर येथे ठार मारण्यात आले. थॉमस, जेम्स आणि दमेत्रियस यांचा मृत्यू झावळ्यांच्या रविवारापूर्वीच्या गुरुवारी झाला, म्हणजे उपवासकाळातच. त्यांचे सोबती, डोमिनिकन धर्मगुरू जॉर्डनस यांनी त्यांना सोपाऱ्यात पुरले. पुढे फ्रान्सिस्कन प्रवासी ओडोरिक त्यांच्या अस्थी चीनला घेऊन गेले. क्रूस जगाला मूर्खपणा वाटतो, पण देवाचे ज्ञान तेच, असे येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळीला लिहिले होते. ठाण्याच्या ख्रिस्ती माणसाने ते वाक्य या चौघांना आठवून वाचावे.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हा काळ कमी विधींनी, पण प्रवचने आणि घरोघरच्या प्रार्थनासभांनी पाळतात. शलमोनाच्या नावावरचा ज्ञानग्रंथ कॅथलिक बायबलमध्ये आहे, त्यांच्या बायबलमध्ये नाही. त्यामुळे त्यांचा भर नीतिसूत्रांवर आणि याकोबाच्या पत्रावर असतो. ज्ञान कमी पडत असेल त्याने देवाजवळ मागावे, देव दोष न देता उदारपणे देतो, हे आश्वासन त्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात आहे. मागताना संशय धरू नये, ही अटही तिथेच घातली आहे.