कृत्रिम सांधा शरीरात जाण्याआधी मशीनवर का चालवतात? थोडा मागचा इतिहास

खुबा किंवा गुडघा बदलायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न हाच, की हा टिकणार किती वर्षं. त्याचं उत्तर काही अंशी सिम्युलेटर नावाच्या मशीनवरून येतं, ती सांधा लाखो वेळा हलवते आणि किती झिजला ते मोजते. पण ही मशीन शहाणी व्हायला बरीच वर्षं लागली आणि त्याची किंमत पेशंटनी मोजली, म्हणून हे सगळं लिहावंसं वाटलं.

सुरुवात इंग्लंडमधल्या राइटिंग्टन हॉस्पिटलची. सर्जन जॉन चार्नली यांनी १९५८ च्या सुमारास खुब्याच्या कपासाठी (म्हणजे ज्या वाटीत मांडीच्या हाडाचा बॉल फिरतो तिच्यासाठी) टेफ्लॉन घेतलं, कारण ते सगळ्यात गुळगुळीत. घर्षण कमी म्हणजे झीजही कमी असं वाटलं, पण तसं नसतं ना! सुमारे ३०० पेशंटना ते कप बसले आणि दोन-तीन वर्षांत धातूचा बॉल कपात घुसायला लागला, झिजलेल्या कणांमुळे आजूबाजूचा भाग सुजला, पुन्हा ऑपरेशनं करावी लागली. चार्नलींनी तर टेफ्लॉनचा नमुना स्वतःच्या मांडीत घालून बघितला होता.

मग १९६२ मध्ये एक सेल्समन नवीन प्लास्टिक घेऊन आला, लँकेशरच्या कापड गिरण्यांमध्ये मागाच्या गिअरसाठी वापरायचे ते, म्हणजे पॉलिएथिलीन. चार्नलींनी नखाने टोचून बघितलं आणि वेळ वाया घालवू नकोस म्हणून सांगितलं, तरी त्यांचा टेक्निशियन हॅरी क्रेव्हनने साहेब परदेशी गेलेले असताना तो तुकडा झिजवायच्या मशीनवर चढवलाच. तीन आठवडे रात्रंदिवस चालवूनही तो टेफ्लॉनच्या एका दिवसापेक्षा कमी झिजला. त्याच नोव्हेंबरपासून पेशंटना तोच कप बसायला लागला. माझ्या मते या इतिहासात क्रेव्हनचं नाव चार्नलींच्या बरोबरीने घ्यायला हवं.

त्यानंतर प्रश्न आला की मशीन माणसासारखी चालते का. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात जे. पी. पॉल यांनी १९६० च्या दशकात दाखवलं की चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर येतो आणि एका पावलात तो दोनदा शिखर गाठतो. तो आलेख मशीनमध्ये गेला. पाण्याऐवजी वासराच्या रक्ताचं सीरम आलं, कारण पाण्यात झीज शरीरातल्यासारखी होत नव्हती. तरी एक मोठी गोची राहिली होती, साध्या मशीन एकाच रेषेत पुढे-मागे घासायच्या आणि त्यात पॉलिएथिलीन जवळजवळ झिजतच नव्हतं! कारण त्याचे रेणू घासण्याच्या दिशेने लांबलचक लागतात आणि त्या दिशेला मजबूत होतात, पण आडवा जोर आला की तुटतात, आणि चालताना आपला खुबा सगळीकडूनच फिरतो. हे १९९० च्या दशकात नीट सिद्ध झालं, मग आडव्या-तिडव्या हालचालीच्या मशीनवरच नवीन क्रॉसलिंक्ड प्लास्टिक (म्हणजे ज्यात रेणू एकमेकांना जोडलेले असतात ते पॉलिएथिलीन) पारखलं गेलं.

आता खुब्याच्या झीज-टेस्टचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आयएसओ १४२४२, त्याप्रमाणे ५० लाख सायकल (एक सायकल म्हणजे चालण्याची एक पूर्ण हालचाल), सेकंदाला एक, म्हणजे नुसते चालवायचेच ५८ दिवस, शिवाय मधे मधे कप काढून, धुऊन, सुकवून वजन करायचं. प्लास्टिक द्रव शोषून जड होतं म्हणून न घासलेला दुसरा कपही त्याच द्रवात ठेवतात.

एवढं असूनही धातूवर धातूच्या सांध्यांनी फसवलंच. कप नीट कोनात असेल तर मशीनवर झीज अगदी कमी, पण शरीरात तो जरा उभट बसला की बॉल कडेवर घासतो आणि त्यातले कोबाल्ट-क्रोमियम हे धातू रक्तात उतरतात. डीप्यू कंपनीचा एएसआर नावाचा असाच धातूवर धातूचा खुबा ऑगस्ट २०१० मध्ये परत मागवला तेव्हा जगात सुमारे ९३,००० लोकांना बसलेला होता, त्यात आपल्याकडचेही हजारो होते. कडेवर घासण्याची वेगळी टेस्ट स्टँडर्डमध्ये २०१८ ला आली.

आणि अजून एक, खुब्याची मूळ टेस्ट सपाट जमिनीवर चालण्याची आहे, पाय पुढे २५ अंश, मागे १८. मांडी घालून किंवा उकिडवं बसणं त्या सायकलमध्ये नाहीच.